बाबांचा दुसरा ब्रेक

तीर्थरूप बाबांना धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकीशी टेबल मावतं. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. तिचा गुडघा काय म्हणतो?

काल पेटंट कायद्याच्या वर्गात मी तुमच्या हातगाडीच्या ब्रेकची गोष्ट सांगितली. तुम्ही तो प्रदर्शनात मांडलात, एक कारखानदार पाहून गेला आणि वर्षभरात स्वतःच्या नावाने विकायला लागला. मला वाटलं, बाई म्हणतील खटला भरा. त्या म्हणाल्या, “वडिलांनीच आधी चारचौघांत दाखवला, तिथेच त्याचा नवेपणा संपला. आता पेटंट मिळणार नाही.” माझं तोंड एवढंसं झालं.

तास संपल्यावर मी पुन्हा गेले. म्हटलं, “त्यांनी उतारावर आपोआप लागणारा दुसरा ब्रेक केलाय. तो अजून कुणी पाहिलेला नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “मग लगेच कळवा. कुणालाही दाखवू नका म्हणावं.”

म्हणून सांगते, शेडला कुलूप लावा. मामालाही दाखवू नका, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आकृत्या नीट काढून पाठवा. अर्ज मी बाईंच्या देखरेखीखाली लिहीन.

आणखी एक. साबणाच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, त्यांच्या नावाची नक्कल करणाऱ्यांवर लक्ष ठेवायची. पगार चांगला होता, तरी मी नाही म्हटलं. मी पेटंट एजंटची परीक्षा देणार आहे. रागावू नका. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाचा अर्जही कुणीतरी लिहायला हवा ना?

अर्जात शोध लावणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. तुमचं पूर्ण नाव मी त्यात कालच लिहून ठेवलंय.

तुमची,
धाकटी