साठाच्या वर कुणी नाही

२६ मे, सोमवार. नांदेड

संघमित्रा सकाळीच आली. बी.ए.ला माझ्याकडे राज्यशास्त्राला होती, आता विद्यापीठातून इतिहासात एम.ए. झाली. विभागात पहिली. हातात जर्मनीहून आलेल्या मेलची प्रिंट. तिथल्या एका विद्यापीठाला तिचा विषय आवडलाय, मार्गदर्शक तयार आहे. पण परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या त्यांच्या कचेरीनं तिच्या एकोणसाठ टक्क्यांचं त्यांच्या हिशेबात रूपांतर केलं: ३.०५. त्यांच्याकडे एक म्हणजे उत्कृष्ट, चार म्हणजे काठावर पास. प्रवेशाला अडीच तरी हवं.

विभागात पहिली, आणि गुणपत्रिकेवर ग्रेड बी प्लस. पहिलीला बी प्लस! मग ए कुणासाठी राखून ठेवलाय, भिंतींसाठी?

वडील सोबत होते. हिमायतनगरचे, एसटीत कंडक्टर. अर्धापूरच्या केळीची फणी टेबलावर ठेवली, उभेच राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"मॅडम, पोरगी पयली आली म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले. आता हे लोक काय म्हणून राहिले? आपली पयली त्यांच्याकडं तिसरी कशी काय?"

जयंतीच्या भाषणांना चार-चार गावांतून बोलावणी येणारी मी, एका कंडक्टरच्या साध्या प्रश्नावर मेलच पुन्हा वाचत राहिले. दिवसभर चिडचिड. शिपायावरही ओरडले, उगाच.

३१ मे, शनिवार. लातूर

शनिवार-रविवार इकडे, घरी, नवऱ्याजवळ. अनिल बारावीच्या क्लासमध्ये गणित शिकवतो. आज त्याच्यासमोर सत्त्याण्णववाला एक मुलगा रडला म्हणे. स्टँडपासून घरापर्यंत फलकच फलक, पोरांचे फोटो आणि खाली आकडे, लग्नाच्या वरातीसारखे. इकडे सत्त्याण्णवला रडतात आणि तिकडे नांदेडला एकोणसाठला पेढे वाटतात. एकाच मराठवाड्यात. आणि जगानं आम्हाला एका मापानं मोजायचं.

जेवताना अनिलला मेल दाखवला.

"सूत्र सोपं आहे," म्हणाला. "वर जास्तीत जास्त गुण, खाली पासाचे गुण. त्या दोहोंमध्ये पोरगी कुठे, एवढंच बघतात. वरचं टोक त्यांनी शंभर धरलंय."

"इतिहासाच्या एम.ए.ला शंभर कुणाला मिळालेत?"

"तुमच्या त्या विभागात? देवाला बसवलं तरी पंचावन्न."

संघमित्रानं मागचे निकाल धुंडाळलेत. त्या विभागात आजवर कुणी बासष्टच्या पुढे गेलेलं नाही. अनिलनं शंभरच्या जागी बासष्ट टाकले. आकडा आला १.४. तीच मुलगी, तेच पेपर, तेच एकोणसाठ! तीनवरून एकदम १.४.

मेलच्या तळाशी लिहिलंच आहे: विभागात प्रत्यक्ष दिले गेलेले सर्वाधिक गुण विद्यापीठानं लेखी कळवले तर फेरविचार करू. मुदत १५ जुलै. म्हणजे तीन ओळींचं पत्र. विभागप्रमुखाची सही, परीक्षा विभागाचा शिक्का. संपलं.

अनिल ताट उचलता उचलता म्हणाला, "नलू, हे भाषणाचं काम नाही हं."

माहीत आहे, म्हटलं.

५ जून, गुरुवार. नांदेड

परीक्षा विभागातला बाबू भला निघाला. "सरांची सही आणा मॅडम, शिक्का काय, आत्ता मारून देतो."

मग संघमित्राला घेऊन बिरादार सरांकडे. इतिहासाचे प्रमुख, उदगीरकडचे. या माणसाबद्दल खोटं लिहिणार नाही. लाच नाही, वशिला नाही. एका पुढाऱ्याच्या पोराला नापास केलं आणि बदलीची धमकी पचवली. उत्तरपत्रिका घरी नेऊन दोनदा तपासतात. आणि साठाच्या वर कुणाला जाऊ देत नाहीत, फारच झालं तर एक-दोन गुण. त्याचा त्यांना अभिमान आहे!

संघमित्राचा प्रबंध त्यांनीच तपासलेला. निजामाच्या काळातल्या वेठबिगारीच्या आठवणी, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून. ही पोरगी गावोगाव फिरून ऐकत बसली होती.

"सर, प्रबंध कसा वाटला?"

"मॅडम, एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात चांगला."

"मग प्रबंधाला गुण एकसष्टच?"

"एकसष्ट म्हणजे तेच."

वर शांतपणे चहा ओतून दिला. म्हणाले, "मला स्वतःला अठ्ठावन्न होते. मी मेलो का?"

मी म्हटलं, सर, तुम्हाला नांदेडला नोकरी करायची होती. हिला समुद्र ओलांडायचाय. पलीकडच्या माणसाला तुमचं एकसष्ट वाचता येत नाही, एवढं त्याला समजावून सांगा.

"त्यांनी शिकून घ्यावं वाचायला," म्हणाले. पण आम्ही नेलेला पत्राचा मसुदा ठेवून घेतला. "बघतो. वाईट पत्र नाही."

बाहेर आल्यावर संघमित्रा म्हणाली, "सर करतील मॅडम. त्यांना थोडा वेळ लागतो." तिचा त्या माणसावर विश्वास आहे. आश्चर्य आहे.

१७ जून, मंगळवार

पत्र अजून टेबलावरच. दोनदा चौकशी केली. पहिल्यांदा "शब्द थोडे बदलतो". आज "सोमवारी करतो". संघमित्राला विचारलं, धीर सुटतोय का? "न्हाई मॅडम. सोमवार म्हणाले म्हणजे सोमवार." माझाच सुटतोय. बारा दिवस तीन ओळींना! विद्यापीठाच्या आवारातून चालताना वाटत होतं, एकेका खिडकीवर थाप मारून विचारावं. कुणाच्या बापाची...

असो. सोमवारी.

२२ जून, रविवार. लातूर

आज इथल्या एका मंडळाचा गुणगौरव समारंभ. प्रमुख वक्त्या मी. विषय ठरवला नव्हता. समोर पाहिलं, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, गळ्यात हार, पालकांचे मोबाईल वर. आणि डोळ्यांसमोर बी प्लस.

मग कुठलं थांबणं. म्हटलं, हार घालून घ्या बाळांनो, पण तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात एक गुरुजी आहेत ज्यांच्या तराजूत साठाच्या वरचं वजनच ठेवलेलं नाही. ज्ञान समोर आलं तरी ते म्हणतात, वजन संपलं, पुढच्या जन्मी या. म्हटलं, कंजुषीला शिस्त म्हणणाऱ्या या लोकांनी दोन पिढ्यांची पोरं बुटकी करून जगाच्या बाजारात उभी केली. जे कधी पोटभर जेवले नाहीत ते दुसऱ्याला वाढतानाही हात आखडतात!

सभागृह उसळलं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. नाव घेतलं नाही मी कुणाचं.

घरी येईपर्यंत अंगात वीज होती. अनिलचं एकच वाक्य: "उद्या सोमवार ना?"

२४ जून, मंगळवार. नांदेड

कुणीतरी चित्रफीत काढली होती. रविवारीच रात्री नांदेडला पोचली.

काल संघमित्रा विभागात गेली. पत्र तयार होतं, टाईप केलेलं, तिनं पाहिलं. पेनही हातात होतं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"तुझ्यावर राग नाही," म्हणाले. "पण आज सही केली तर लोक म्हणतील, बिरादार भाषणाला भ्याला. मी पुढाऱ्याला भ्यालो नाही."

ती मला सांगायला आली तेव्हा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ओढणीशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, मला टाळ्या नको होत्या. सही हवी होती."

मी रागावलेच. तिच्यावर! म्हटलं, मी खोटं बोलले का? ती म्हणाली, "न्हाई. खरंच बोललात." आणि पाणीसुद्धा न घेता गेली.

खरं बोलले. पुन्हा बोलेन. पण तीन ओळी मिळणार होत्या त्या माझ्या तीस वाक्यांनी...

पुढे लिहवत नाही.

२८ जून, शनिवार

लातूरला गेले नाही. सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, "या बाई, तुमचं भाषण ऐकलं आम्ही सगळ्यांनी बसून." टोमणा की कौतुक, कळू दिलं नाही. पोहे मात्र केले.

मी म्हटलं, सर, बोलले ते मला खरं वाटतं. बोलले तिथं बोलायला नको होतं. माफ करा.

"पाचशे लोकांत बोललात आणि माफी माझ्या बैठकीत मागता?"

"मग?"

"जिथं बोललात तिथंच मागे घ्या."

म्हणजे मी व्यासपीठावर उभी राहून म्हणायचं की या माणसाचा तराजू बरोबर आहे. ज्या तोंडानं आयुष्यभर एकदा बोललेला शब्द फिरवला नाही त्या तोंडानं. माझं दुसरं आहे काय? ना जमीन, ना पद. एक शब्द आहे, लोक तो धरून चालतात.

बिरादारांचंही तेच आहे म्हणा. त्यांच्याकडे फक्त तो साठाचा आकडा. हे सुचलं तेव्हा त्यांचा आणखीच राग आला.

पोहे खाल्ले नाहीत.

३ जुलै, गुरुवार

कंडक्टरसाहेबांचा फोन, डेपोतून, मागे गाड्यांचा गलका.

"मॅडम, पोरगी म्हणते मॅडमला काही सांगू नका. पण मी सांगून राहिलो. तुम्ही मागं घ्या असं मी म्हणणार न्हाई. आमच्यासाठी कोण बोलतंय हो एवढं? पण..."

"पण काय?"

"पण पोरगी सूटकेस घेऊन आली वजिराबादच्या बाजारातून. जुनीच हाय, चाक दुरुस्त करून आणलं. आता ती घरात मधोमध ठेवलेली हाय. लई अडचण होते जाता-येता."

हसले.

अनिलला फोन केला. म्हटलं, त्या मंडळाचा पुढचा कार्यक्रम कधी? म्हणाला, बारा तारखेला पालक मेळावा. तुला बोलवायला ते एका पायावर तयार आहेत, गर्दी होते.

१२ जुलै, शनिवार. लातूर

केलं.

तीच जागा, तेच ध्वनिवर्धक. लिहून नेलं होतं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. वाचलं: "मागच्या भाषणात मी एका ज्येष्ठ शिक्षकांच्या गुणदानाबद्दल जे बोलले ते मागे घेते. ते प्रामाणिक आणि निर्भीड आहेत. त्यांचा साठ हा खरा साठ असतो."

मग कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. त्यांना वाटलं, बाईंनी आज उपरोधाचा नवा डाव टाकला! "खरा साठ" ला तर शिट्ट्या. मी हात वर केला, म्हटलं, मी गंभीरपणे सांगते आहे. त्यावर आणखी टाळ्या. हार घातला मला.

खाली उतरताना एक पालक म्हणाले, "काय हाणलंत मॅडम त्याला! वा!"

संताप संताप झाला. त्या लोकांचा नाही. वर्षानुवर्षं मीच त्यांना शिकवलंय, मी बोलले की कुणावर तरी घाव पडतो. आता मी साधं वाक्य बोलले तरी त्यांना त्यात पातं दिसतं.

अनिलनं चित्रफीत सरांना पाठवली. "पाठवू ना?" विचारून. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं:

"टाळ्या ऐकल्या. मुलीला सोमवारी पाठवा."

यातून काय समजायचं ते समजा. अनिल म्हणतो, करतील. मी म्हणते, तिला समोर बसवून नाही म्हणतील. तेवढं सौजन्य आहे त्यांच्यात.

१४ जुलै, सोमवार. नांदेड

उद्या शेवटची तारीख. संघमित्रानं सकाळी बजावलं, "मॅडम, तुम्ही येऊ नका." बरं, म्हटलं. कॉलेजातच आहे. दोन तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही.

आत्ता तिचा फोन. विभागाच्या व्हरांड्यातून, हळू आवाजात.

सरांनी पत्र पुढ्यात घेतलं. भाषणाबद्दल अवाक्षर नाही. चष्मा काढला आणि विचारलं, "प्रबंधाला तू स्वतःला किती दिले असतेस?"

"मग? काय म्हणालीस?"

"अठ्ठ्याहत्तर."

"तू असं म्हणालीस? त्यांना? तोंडावर?"

"हाव. त्यांनी विचारलं, का? मग मी सरांना सांगितलं. एकेका बाईबद्दल. कुणाकडून काय मिळालं, कुठे मी कमी पडले, बावीस का कापले. अर्धा तास बोलले असेन."

"आणि ते?"

"ऐकत होते. मधी एकदा कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, बाहेर बस."

त्या खोलीत बासष्टच्या वरचा आकडा कुणी मोठ्यानं उच्चारला असेल तर आज पहिल्यांदा. आणि तो मी नाही उच्चारला. कितीही भाषणं केली तरी तो माझ्या तोंडात शोभला नसता. तिचे होते ते गुण, तिनंच मागायचे होते.

परीक्षा विभाग साडेपाचला बंद होतो. चार वाजून गेलेत. ती बाकावर बसली आहे, दाराआड बिरादार सर. मी उठले तर रिक्षानं पंधरा मिनिटांत पोचेन, दार ढकलेन, आणि काय बोलायचं तेही तयार आहे, एकेक वाक्य.

बसले आहे. एका हातानं हे लिहिते आहे, दुसरा टेबलाखाली दाबून बसले आहे.