जुन्या सिस्टिमचे एकतीस दोष

३ तारीख, सकाळी ९

आजपासून रोजनिशी वहीत. कॉम्प्युटरला माझ्या मनातलं कळू देणार नाही. त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मला वीट आलाय. चालू करा, आंघोळ करून या, तरी ते चक्र आपलं फिरतंच आहे.

वाचनालयाच्या सेक्रेटरीबाईंनी दोन हजार पुस्तकांची यादी टाइप करायचं काम माझ्यावर सोपवलंय. मुदत तीस तारीख. जमत नसेल तर आत्ताच सांगा, तुमच्या साडूंना देते, म्हणाल्या. साडूंना. ते गेल्या वर्षी नव्या सिस्टिमवर गेले, तेव्हापासून भेटले की दुसरा विषय नाही.

ठरलं. आधी सिस्टिम बदलायची की नाही त्याचा निकाल, मग यादी. नासक्या मशीनवर मी काम करणार नाही.

५ तारीख

मुलगी आली होती. तासाभरात बदलून देते म्हणाली. मी म्हटलं, हा पोरखेळ नाही, अभ्यास करून ठरवायचंय. मग केस कापायला गेलो. परत आलो तर ती मशीनपाशीच. धूळ पुसत असावी.

६ तारीख

जुन्या सिस्टिमच्या दोषांचा तक्ता आखला. दोन रंगांत. दोष १: खिडकी बंद करायची फुली कालपर्यंत उजवीकडे होती, आज डावीकडे. म्हातारपणी सिस्टिमलाही भ्रम होतो.

यादीला उद्या हात घालणार.

९ तारीख

डोकं शांत करायला कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावला. पत्त्यांच्या पाठी निळ्या होत्या, त्या हिरव्या झाल्यात. शेवाळासारख्या. बघूनच शिसारी आली. दोष ७.

यादी सोमवारपासून, नक्की.

१४ तारीख (सोमवार)

चहाच्या वेळी मशीनला हात लावला तर गरम. दोन ते चार मी आडवा पडून विचार करत होतो. कुणी हात न लावता तापतंय म्हणजे आतून सडलंय. हिला सांगितलं. "असेल," म्हणाली. बायकोला तंत्रज्ञानात गम्यच नाही. दोष १६.

१९ तारीख

साडूंचा फोन. यादी कुठवर आली, असं गोड आवाजात. म्हटलं, पाया घालतोय. ते हसले. त्यांचं हसणं डोक्यात जातं.

२४ तारीख

हल्ली मशीन बटण दाबताच सुरू होतं. माणसाला मनाची तयारी करायला वेळच नाही. दोष २५.

२८ तारीख, सकाळी ११

एकतीस दोष झाले. अभ्यास पुरा. निर्णय: बदलायचं. ही गलिच्छ सिस्टिम घरात नको. नवीवर दोन दिवसांत यादी सहज उरकेन.

मुलीला फोन करून सांगितलं, ये आणि नवी घाल. ती म्हणाली, "बाबा, ती पाच तारखेलाच घातली. आईनं सांगितलं होतं."

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. हिनं हातातलं काम थांबवलं नाही. "तुम्ही झोपता ना, तेव्हा मी बसायचे. यादी काल देऊन आले," म्हणाली. वर, नवी सिस्टिम चांगली आहे, असंही.

जेवण गेलं नाही.

२८ तारीख, दुपारी ३

तक्त्याच्या मथळ्यात 'जुन्या'वर काट मारून 'नव्या' लिहिलं. बाकी अभ्यास वाया गेलेला नाही.

३० तारीख

वाचनालयात गेलो. यादी टेबलावर, छान बांधलेली. पहिल्या पानावर हिचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत: 'दुपारी दोन ते चार कॉम्प्युटर मोकळा ठेवल्याबद्दल यजमानांचे आभार.'

साडू शेजारीच उभे होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्यानं.