कठड्याचं माप

१ फेब्रुवारी, शनिवार

वेल्डिंगचा रॉड चार वेळा चिकटला! पाचव्यांदा पेटला तेव्हा मी अशी किंचाळले की होल्डरच हातातून सुटला. दुकानात हशा पिकला. मास्तरीणबाई म्हणाली, "काकू, घाबरा खुशाल, पण होल्डर सोडू नका." माझ्या लेकीपेक्षा लहान आहे ती. फॅब्रिकेशनचं दुकान तिचंच. आठवडाभर लोकांची गेटं नि खिडक्या करते, शनिवारी आमच्यासारख्या हौशांना शिकवते.

वर्गात आम्ही तिघं. एक दातांची डॉक्टरीण, तिला कुंड्यांचा स्टँड करायचाय. एक नवरदेव, लग्नाआधी स्वतःचा पलंग स्वतः जोडणार म्हणे. आणि मी, जन्मभर शिलाई मशीनवर बसलेली. "तुम्हाला काय करायचंय, काकू?" कठडा, म्हटलं. घराच्या पायऱ्यांना.

का, ते नाही सांगितलं. इथे लिहिते. हे त्या पायऱ्यांवरून पडले त्याला चार महिने झाले. पाय जुळला. डॉक्टर म्हणतात, आता हिंडा-फिरा. पण हे खिडकीशी खुर्ची टाकून बसलेत ते बसलेत! माझा हात धरायचा नाही, काठी घ्यायची नाही. "मी काय म्हातारा झालोय?" आणि बाहेर चला म्हटलं की, "बाहेर काय ठेवलंय?" सगळं बाहेरच ठेवलंय! मला ह्यांना त्या पायऱ्या उतरवायच्यात. बस्स.

२ फेब्रुवारी, रविवार

हे म्हणाले, "सुई सोडून तलवार का?" लेक फोनवर — "आई, डोळे सांभाळ." कठड्याचं अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर आधीच नको म्हणाले असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरचा घड्याळवाला खिडकीखाली उभा राहून ओरडला, "अहो, डाव अर्धवट टाकून किती दिवस पळणार? तुमचा उंट माझ्या तावडीत आहे!" पूर्वी रोज संध्याकाळी ह्यांचा तिथे बुद्धिबळाचा अड्डा. हे वरूनच म्हणाले, "उंट तुला दिला." आणि खिडकी लावून घेतली. मला फार वाईट वाटलं. उंट देणारा माणूस नव्हे हा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज टाके! आधी नुसते चार ठिकाणी टाके घ्यायचे, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे ना बघायचं, मगच पूर्ण जोडायचं. एका दमात जोडलं की लोखंड तापून ओढतं, चौकट वाकडी होते. अगं बाई, ही तर कच्ची शिवण! मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

नवरदेवाला धीर कुठला. पलंगाची एक बाजू सरसर जोडून मोकळा. आता तीन पाय जमिनीवर, चौथा हवेत. डॉक्टरीण म्हणाली, "त्या कोपऱ्यात बायकोला झोपवू नका हं." पोरगा कानापर्यंत लाल झाला.

मग कठड्याच्या उंचीचा विषय निघाला. मी म्हटलं, तुम्ही ठेवता तेवढी ठेवू. मास्तरीणबाई म्हणाली, "धरणार कोण? ज्याचा हात त्याचं माप. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथे येतं, तिथे कठडा." आता ह्यांचं मनगट कसं मोजू? चोरून?

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोजलं! "तुमच्या पँटी गळायला लागल्यात, नवी शिवते," म्हटलं आणि टेप काढली. कंबर घेतली, लांबी घेतली, आणि हळूच मनगटापासून जमिनीपर्यंत. "हे कसलं माप?" "खिशाचं!" खिसा काय जमिनीपासून मोजतात? पण बायको म्हणते म्हणजे असेल, असा चेहरा करून उभे राहिले.

आता पँटही शिवणं आलं. एक थाप, दोन कामं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कठडा पूर्ण जोडला. ग्राइंडर फिरवला, ठिणग्यांनी ओढणीला भोकं पाडली. मास्तरीणबाईने सांध्यावरून बोट फिरवलं आणि नवरदेवाला बोलावून दाखवलं. घरी येईपर्यंत हसतच होते मी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पँट झाली. फक्कड बसली. "घालून जायचंय कुठे?" म्हणाले आणि दाराजवळच्या खुंटीला टांगून दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरीणबाई नि नवरदेव टेम्पोतून कठडा घेऊन आले. पायऱ्यांत भोकं पाडली, सिमेंट भरलं. हे खिडकीतून बघत होते. सगळे गेल्यावर, सिमेंट धरल्यावर, दारात आले. हात लावला — आणि कोपर बगळ्याच्या मानेसारखं वर! "उंच आहे," म्हणाले. आत जाऊन बसले.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग टेप काढून बसले. माप बरोबर होतं. माणूसच तसा उभा नव्हता! टेपसमोर कोण वाकून उभं राहतं? पोट आत, छाती बाहेर. गिऱ्हाइकांची ही सवय ओळखून मी जन्मभर कपड्यात सैलपणा ठेवत आले, आणि घरच्याच माणसाच्या वेळी विसरले. चार महिन्यांत ह्यांना केवढं पोक आलंय. रोज बघते म्हणून दिसलंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मास्तरीणबाईला फोन केला, ह्यांच्या देखतच. "त्यात काय, काकू! कापून खाली आणू. शनिवारी कटर घेऊन जा." हिला कशाचंच काही वाटत नाही. मला वाटतं.

१ मार्च, शनिवार. सकाळ

वर्गाला निघण्याआधी कठड्याला तांबडा रंग दिला. कापायचा असला म्हणून काय गंजू द्यायचा?

१ मार्च, संध्याकाळ

कटर घेऊन परतले. दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. खुंटीवर पँट नाही! कठड्याच्या ओल्या रंगावरून हात फिरलेला — वरच्या पायरीपासून थेट खालपर्यंत. धावतच कोपरा गाठला. हे पटासमोर बसलेले, आणि नव्याकोऱ्या पँटीवर तांबडा पंजा!

"कटर कशाला आणलास?" म्हणाले. "कापायचा नाही. तो धरायचा तर ताठ व्हावं लागतं."

"वहिनी, सरका बघू जरा, उजेड अडतोय," घड्याळवाला म्हणाला.

पँटीवरून ओरडायचं ते ओरडून घेतलं. मग स्टूल ओढून तिथेच बसले, डाव संपेपर्यंत.