हात धुऊन ये, मग बोल

बाबा, उद्या रविवार आहे. तुमची रविवारची पोथी तुमच्यामागे आता फोनवर होते. फॅक्टरीचे क्वार्टर सुटले, पोरं गावोगाव पांगली, म्हणून मीच ग्रुप काढला. एक जण वाचून आवाज पाठवतो, बाकीचे ऐकून खाली लिहितात. लिहितात कसले, भांडतात. गेल्या महिन्यात तुमच्या नातीनं, धाकट्याच्या मुलीनं, बायकांबद्दलच्या एका ओवीचा फोटो टाकून विचारलं, हे आपण मान डोलावत काहून ऐकतो? धाकट्यानं सगळ्यांदेखत लिहिलं, "चार बुकं शिकली, निघाली बापाला शिकवायला." पोरगी ग्रुपमधून गेली, गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरातूनही गेली. आता शहरातच, बड्या फुहाऱ्याच्या चौकापलीकडे मैत्रिणीकडे राहते. मी फोन केला तर म्हणते, "आत्या, मैं आ जाऊंगी, पण पहिले नियम लाव. सबके लिए. पापा के लिए भी." आणि धाकटा म्हणतो, "घरच्या पोथीला काहून पाहिजेत नियम? कोर्ट आहे का? दीदी, तू नियम लाव, मी निघतो." एकीला आणावं तर दुसरा जातो. या विचारात दुपारी वरण उतू गेलं, गॅस विझला, तरी मी फोन धरून उभीच.

मग आपल्या क्वार्टरचा ओटा आठवला. पोथी चालू आहे, ओव्हरटाइम करून काका लोक थेट येऊन बसले आहेत, हात तेलानं काळे. कोणाला हरकत घ्यायची असली की पोथी हातात घ्यायची, आणि त्याआधी तुमचं ठरलेलं, "हात धुऊन ये, मग बोल." पानं काळी होऊ नयेत म्हणून सुरू झालं होतं ते. पण पुढे स्वच्छ हातांचे लोकही नळावर जायचे, आणि येईतोवर त्यांचा आवाज खाली आलेला असायचा. एकदा मी चहाचे कप उचलता उचलता बोलून गेले, "हे खोटं आहे." शेजारचे काका हसले, "लो, पंडिताइन आल्या!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हात धुऊन ये." मला वाटलं, हाकललं. नळाशी रडले. परत येते तर तुम्ही सरकून जागा केलेली, पोथी माझ्यापुढे. "मागचं पान वाच. पुढचं वाच. मग सांग." मी अडखळत वाचते आहे आणि ती मोठी माणसं चहा निववत थांबली आहेत. तरीही मला पटलं नाही. तुम्ही म्हणालात, "नाही पटलं तर नाही पटलं. पुढच्या रविवारी पुन्हा बस." शाळा लवकरच सुटली माझी, पण वाचणं सुटलं नाही, ते त्या जागेमुळे.

तेच फोनवर लिहून काढलंय. ओवी एकटी टाकायची नाही, मागचं-पुढचं पान सोबत पाहिजे. उत्तर द्यायच्या आधी फोन ठेवून नळावर जायचं. कोणाच्या वयावर, शिक्षणावर, बाई असण्यावर जायचं नाही. नाही पटलं तरी पुढच्या रविवारी यायचं. पण बाबा, ओट्यावर सगळ्यांचे ओले हात दिसायचे. इथे कोण पाहतं? धाकटा कोरड्या हातानं लिहील, "धुतले." तो तेव्हा तुमच्या मांडीवर असायचा. त्याला त्या नळाचा आवाज तरी आठवत असेल का? की वाचून खरंच निघून जाईल, आणि पोरीसाठी मी भाऊ घालवून बसेन?

म्हटलं, आधी आपणच पाळावं. उठले, हात धुतले, येऊन पाठवायचं बटण दाबलं तर ओल्या बोटाला फोन दाद देईना. हात वाळेतोवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तुम्हाला चार ओळी लिहू म्हटलं. नियम अजून तसेच फोनवर पडले आहेत. हात केव्हाच वाळलेत, बाबा.