ठमीचा खुनी

ए भांडकुदळ,

हे पत्र तुला धाडणार नाही, म्हणून खरं लिहितोय. तुझ्या दादाचे दोन दात मी पाडले. तू जाताना माझ्याकडे सोडलेली कोंबडी, आपली ठमी, आज सकाळी मेली. ती आजारी पडली तेव्हाच मला वाटलं, आपलं लग्न मोडणाऱ्या तुझ्या दादानंच विष घातलंय. ती मेल्यावर त्याच्या गॅरेजात घुसून पान्यानं तोंड फोडलं. रक्त थुंकत तो म्हणाला, "अरे येड्या, विष घालायचंच असतं तर तुला नसतं घातलं?"

मग पुरावाच आणतो म्हणून ठमीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चिरलं. विष नव्हतंच. आत अख्खं अंडं अडकलं होतं.

"चार-पाच दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसली असेल," डॉक्टर म्हणाले. "कोमट पाण्यात बसवली असती, तर कदाचित वाचली असती. घरात कुणी नव्हतं का?"

मी होतो ना! दांडकं घेऊन सगळे दिवस खिडकीत बसलो होतो, तुझा दादा पुन्हा विष घालायला कधी येतो ते बघत. ठमी माझ्या पाठीमागे होती.

तुझाच,
कॉलेजबुडव्या