चंद्रप्रभेचे घर: दोनदा चाचणी घेतलेले मृत्युपत्र

मी, श्रीमती अलकनंदा श्यामकांत रांगणेकर, वय बहात्तर, निवृत्त तांत्रिक लेखिका, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारच्या डॉ. देविका कर्णिक यांनी आज सकाळी त्याची खात्री करून घेतली. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या प्रश्नातले दोन शब्द अनावश्यक आहेत हेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. अस्वस्थता मात्र आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, आणि लिहिलेले पुन्हा तपासल्यावाचून मला एका जागी बसवत नाही.

याआधी मी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते का फसले, हे कलम सहामध्ये सांगितले आहे.

कलम एक : भाषेविषयी

वकीलसाहेबांनी पाठवलेला मसुदा मी परत केला. त्यातले पहिले वाक्य पाऊण पान चालत होते. माझा मुलगा केतन दिल्लीत वाढला; त्याने तो मसुदा वाचून विचारले, “आई, हे तहहयात म्हणजे कोण?” ही केतनची चूक नाही. वाचणारा अडला की चूक लिहिणाऱ्याची, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

तो व्यवसाय, म्हणजे विमानदुरुस्तीच्या पुस्तिका लिहिणे, येथे समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व कलमे त्यावर उभी आहेत. विमान एका देशात बनते, दुसरा देश ते विकत घेतो आणि तिसऱ्याच देशातला मेकॅनिक ते दुरुस्त करतो. त्याची इंग्रजी शाळेतली, तीही अर्धी विसरलेली. म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्यांनी इंग्रजीलाच शिस्त लावली. मान्य शब्दांचा एक कोश केला. एका शब्दाला एकच अर्थ दिला. एका वाक्यात एकच काम, आणि कृतीच्या वाक्यात वीसहून अधिक शब्द नाहीत. धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यायची, नंतर नाही. नट काढून झाल्यावर “आधी दाब उतरवा” हे वाचून आजवर कोणाचे बोट वाचले आहे? आणि “काळजी घ्या” असे तर कधीच लिहायचे नाही. मेकॅनिकला हातमोजे घालता येतात, नळ बंद करता येतो. “काळजी” कोणत्या हाताने घ्यायची, हे कोणालाच सांगता येत नाही.

इंग्रजी साहित्यात एम.ए. करून मी नॉइडातल्या कंपनीत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात माझी सगळी विशेषणे काढून घेण्यात आली. मला वाईट वाटायला हवे होते. पण गर्दीच्या खोलीतले अवजड कपाट कोणी बाहेर न्यावे, तसे मोकळे वाटले. ते मोकळेपण मला पुढे नोकरीभर पुरले.

हे मृत्युपत्र मी शक्य तेथे त्याच शिस्तीने मराठीत लिहीत आहे. निबंधक कार्यालयासाठी हिंदी अनुवाद सोबत जोडला आहे. दोन्हींत फरक दिसल्यास मराठी प्रत खरी मानावी.

कलम दोन : अंमलबजावणी

माझी सून रसिका केतन रांगणेकर हे मृत्युपत्र अमलात आणेल. कारण सरळ आहे. तिच्या हाती कागद दिला की ती आधी शेवटपर्यंत वाचते आणि मगच उठते. केतन पहिली ओळ वाचून उठतो. त्याच्या वडिलांनाही ती सवय होती.

कलम तीन : ठेवी आणि दागिने

बँकेतल्या सर्व ठेवी केतनला मिळतील. दागिने रसिकाला मिळतील. त्यातल्या मोत्याच्या कुड्या मात्र माझी नणंद चंद्रप्रभा हिला मिळतील. तिने त्या आजवर माझ्याकडून लग्नकार्यासाठी मागून नेल्या आणि दुसऱ्याच दिवशी रुमालात बांधून परत केल्या. आता परत करायच्या नाहीत.

कलम चार : कामाची साधने आणि एक जुना हिशेब

मान्य शब्दांचा कोश, पितळी पट्टी आणि लाल पेन्सिलींचा डबा माझा जुना सहकारी सुधन्वा याला मिळेल. सुधन्वा या कागदावर साक्षीदार होणार होता. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, म्हणून त्याला वगळले. त्याने रागावू नये. पेन्सिली चांगल्या आहेत.

कंपनीचे संपादन प्रमुख, ज्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, यांनी एकदा पुस्तिकेतले विमानाच्या चाकबदलाचे माझे प्रकरण सर्वांसमोर हवेत हलवून विचारले होते, “मॅडम, इसमें भाषा कहाँ है?” त्यांना मी काही ठेवत नाही. फक्त ते भेटल्यास सुधन्वाने त्यांना सांगावे, की त्या प्रकरणाबरहुकूम बदललेल्या चाकांवर विमाने अजून उतरतात आणि उडतात.

कलम पाच : सूचनाफलक

सोसायटीच्या सचिवांसाठी मी त्यांच्याच सूचना सुधारून ठेवल्या आहेत. “निवासियों से अनुरोध है कि जल का समुचित उपयोग करें” या सूचनेने गेल्या उन्हाळ्यात एक बादलीही वाचली नाही. मी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले, की टाकी सकाळी भरते, तेव्हा गाडी धुऊ नका. त्यावर ते मला लिफ्टजवळ म्हणाले, “मैडम, नोटिस बोर्ड आपकी कॉपी नहीं है.” ते खरे आहे. तरीही त्या महिन्यात कोणी गाडी धुतली नाही. सुधारित सूचना रसिकाने त्यांना द्याव्यात. त्यांनी लावल्या नाहीत तरी चालेल.

(येथे मी उठून गॅस पाहून आले. बंद होता. मघाशीही बंदच होता.)

कलम सहा : घराविषयीचे आधीचे कलम, आणि ते का रद्द केले

हे कलम लांब आहे. मृत्युपत्राचे कारणच हे आहे.

माझे पती श्यामकांत दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयात होते. “यथावकाश उचित कार्यवाही व्हावी” असे लिहिण्यात त्यांची हयात गेली. कोणावरच जबाबदारी येऊ नये असे ते दिवसभर लिहीत, आणि कोणाचीच चूक होऊ नये असे मी. संध्याकाळी आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये यावरून रोज वाद होई. तेव्हा त्यांची धाकटी बहीण चंद्रप्रभा आत भाजी परतत असे. ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायला म्हणून दिल्लीला आली आणि आमच्याकडेच राहिली. तिने लग्न केले नाही. मी नॉइडाहून अंधार पडल्यावर परतत असे. केतनला पाढे तिने शिकवले, त्याचा गोवर तिने काढला. पुढे मयूर विहारचे हे घर मी माझ्या पगारातून घेतले. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे.

श्यामकांत जाताना मला म्हणाले, “चंदाचं बघ.” इतकेच. आयुष्यभर मोघम लिहिणारा माणूस शेवटचे वाक्यही मोघमच बोलला. बघायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाने मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. मी नसेन तेव्हा तिला या घरातून कोणी उठवू नये, असा त्याचा अर्थ मी लावला आणि कलम लिहिले: “घर केतनचे होईल. चंद्रप्रभा जिवंत असेपर्यंत या घरात राहील. केतन तिला घर सोडायला सांगणार नाही.” एक वाक्य, एक गोष्ट. मी स्वतःवर खूश होते.

आता चाचणीविषयी. आमच्याकडे पुस्तिका छापण्याआधी ती एका अशा माणसाच्या हाती देतात, ज्याने ते यंत्र कधी उघडलेले नसते. तो वाचतो आणि करतो. लिहिणाऱ्याने बाजूला उभे राहायचे. बोलायचे नाही, मान हलवायची नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. कारण विमानतळावर लेखिका हजर नसते. मृत्युपत्राला या चाचणीची सर्वांत जास्त गरज असते आणि तरी जगात ती कोणी घेत नाही. मी घेतली. नऊ तारखेच्या रविवारी केतन आणि रसिका गुरुग्रामहून आले. मी सांगितले, की जेवणापर्यंत मी वारले आहे, हा कागद घ्या आणि यात लिहिले आहे तसे वागून दाखवा.

“आई, यार, कोणी असं करतं का?” केतन म्हणाला.

“वहिनींनी कुठली गोष्ट तपासल्याशिवाय सोडली आहे?” चंद्रप्रभा म्हणाली. “मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तीनदा मोजायला लावायच्या.”

मी खुर्चीत बसले आणि वारले. रसिकाने कागद पूर्ण वाचला. केतनने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आत्या, तू इथेच राहायचं. बिल्कुल. काही हलवायचं नाही. फक्त आम्ही आलो तर मोठी खोली असू दे, अच्छा?” तो प्रेमाने बोलत होता. कागदाबाहेर एक पाऊलही त्याने टाकले नाही. चंद्रप्रभा “हो रे” म्हणाली, उठली, आणि आम्ही दोघी झोपतो त्या मोठ्या खोलीतल्या कपाटातून आपल्या साड्या काढून लहान खोलीत नेऊ लागली. कोणी सांगितले नव्हते. मग ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

“केतन, चहा ठेवू का रे?”

“ठेव ना, आत्या.”

मी जागच्या जागी खुर्चीचा हात धरून बसले. या स्वयंपाकघरात चंद्रप्रभेने आजवर कोणालाही विचारून चहा ठेवलेला नाही. माझ्या मृत्यूला अर्धा तास झाला नव्हता आणि ती परवानगी मागत होती. केतनला ते जाणवलेही नाही. त्याने ती दिली. माझे प्रत्येक वाक्य पाळले गेले होते. प्रत्येक वाक्य स्पष्ट होते. आणि चाक डळमळत होते.

असे झाले की आम्ही मेकॅनिकला दोष देत नाही. शब्द बदलूनही भागत नाही. कृतीच बदलावी लागते. म्हणून ते कलम रद्द.

कलम सात : घर

मयूर विहारचे घर चंद्रप्रभा विष्णू रांगणेकर हिचे होईल. ती या घराची पूर्ण मालक होईल. यावर कोणतीही अट नाही. ती हे घर विकू शकते. ती हे घर कोणालाही देऊ शकते. सोसायटीच्या नोंदीत माझ्यानंतरची वारस म्हणून मी तिचे नाव लावून घेतले आहे.

हे ऐकून केतनला दुःख झाले. ते दडवणे योग्य नाही. “तुझा माझ्यावर भरवसा नाही?” असे त्याने विचारले. “मी आत्याची काळजी घेईन, आई. लिहून देतो.”

केतन, माझा तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे. तू तिला कधीही उठवणार नाहीस. पण तू काळजी घेणारा झालास, की ती जिची काळजी घेतली जाते ती होईल, आणि मग ती दारात थांबेल. तुझ्या हातून काही चुकू नये म्हणून मी हे काम तुझ्या हातात ठेवलेच नाही.

चंद्रप्रभेचीही हरकत होती. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. “माझ्यामागं शेवटी केतनलाच जाणार ना? मग मधेच हा वळसा कशाला? मला कशाला सह्या करायला लावता?” मी तिला म्हटले, वळसा हाच रस्ता आहे, तुला त्यावरून चालायचे आहे. तिने वर्तमानपत्र उघडले आणि माझ्यापुढे धरले, म्हणजे तिचा चेहरा मला दिसणार नाही.

कलम आठ : दुसरी चाचणी

परवा रविवारी मी पुन्हा वारले. हवा इतकी वाईट होती की खिडक्या बंद होत्या, आणि मला खोलीत दम लागत होता. पण चाचणी पुढे ढकलायला माझ्याकडे दुसरा रविवार नव्हता. रसिकाने कलम सात वाचले. चंद्रप्रभा खाली मान घालून बसली होती. मला वाटले, हीही फसली. आता तिसरा मसुदा कधी करायचा, कोणाला दाखवायचा, असे माझ्या डोक्यात सुरू झाले.

मग ती उठली आणि घरभर फिरून आली.

“मोठी खोली मी भाड्यानं देणार,” ती म्हणाली. “नर्सिंगच्या दोन मुली ठेवणार. आपल्याकडच्या मिळाल्या तर बघते.”

“आत्या, सीरियसली?”

“आणि हे काचेचं कपाट आधी बाहेर. त्यातल्या विमानांवरची धूळ जन्मभर मी पुसली. कंपनीनं दिलेली विमानं! एकही उडत नाही.”

“आत्या, हळू,” केतन हसू दाबत म्हणाला. “आई ऐकतेय.”

“ऐकू दे. त्या वारल्यात.”

माझ्या तीन हरकती होत्या. अनोळखी मुली माझ्या खोलीत. विमाने. आणि भाडेकरार कोण लिहिणार. कारण तिला करार लिहिता येत नाही आणि मला येतो. हात पेन्सिलीकडे गेला. मी तो मांडीवर ठेवला. भुवईसुद्धा उचलली नाही. माझ्या नोकरीत घेतलेल्या कोणत्याही चाचणीत मला इतके कठीण गेले नव्हते.

चाचणी पूर्ण झाली, अशी नोंद मी येथे करते. चंद्रप्रभेने या घरात काय करावे, काय ठेवावे, काय काढावे, याविषयी या मृत्युपत्रात एकही सूचना नाही.

ठिकाण : मयूर विहार, दिल्ली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सही : अलकनंदा श्यामकांत रांगणेकर

अलकनंदाबाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली. आम्ही त्यांच्या समोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार पहिला : डॉ. देविका कर्णिक, शेजारी
साक्षीदार दुसरा : गौरव सचदेवा, तिसरा मजला (हिंदी प्रत वाचून सही केली)