तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं आल्या. ट्रंक एक, वळकटी एक, पितळी डबा एक, छत्री एक. हमालाचे तीन, रिक्षाचे आठ – आठ! रिक्षावाला म्हणाला, ट्रंकेत दगड भरलेत का. वन्सं म्हणाल्या, "भरलेत. एक तुझ्यासाठीच आणलाय." त्यांचे यजमान जाऊन तीन महिने झाले, पण जीभ जागेवर आहे. बरं वाटलं ऐकून.

चिमणीला कापड दोन मीटर (पंचविसाच्या खाली नसेल), यांना रुमाल सहा, मला झाकणाची बरणी. दुःखात असलेल्या माणसानं एवढं कशाला आणायचं! पण रिकाम्या हातानं येतील तर त्या वन्सं कसल्या.

मूलबाळ नाही. घर दिरांच्या नावावर. दीर म्हणाले आहेत, महिनाअखेर खोली मोकळी करा. हे सगळं त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, शेजारणीचं सांगावं तसं. मी "अरे देवा" म्हटलं. त्या म्हणाल्या, "देठ फार मोठे ठेवतेस तू."

ता. ६, गुरुवार

चादरीची घडी चुकीची. पाट उलटा. दिव्याची वात जाड. आज दूध पिताना म्हणाल्या, "पातळ आहे का ग?" मी म्हटलं, हल्ली असंच येतं. सोळा वर्षं पाणी घालते आहे, यांना कळलं नाही, चिमणीला कळलं नाही. वन्संना दोन दिवसांत!

खोटं बोलले. माळ ओढताना आठवलं आणि मणी चुकला. पुन्हा पहिल्यापासून.

ता. ७, शुक्रवार

हे दुकानातून आले. हात धुता धुता म्हणाले, "ताईला... म्हणजे मागची खोली आहे तशी..." आणि टॉवेलात तोंड घातलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, पण स्वतःचं वाक्य कधी शेवटाला नेत नाहीत.

मी म्हटलं, तुम्हीच विचारा ना, तुमची बहीण आहे.

"छे! बोलवायचं ते घरातल्या बाईनं. भावानं बोलावलं की उपकार केल्यासारखं दिसतं."

बरोबरच आहे. रीत तीच आहे. मग माझ्यावरच आलं.

मागच्या खोलीत यांची मोडकी घड्याळं, टेबल, तेलाच्या बाटल्या. एक माणूस म्हणजे दूध अर्धा लिटर जास्त, वन्संच्या साखरेच्या गोळ्या, आणि जन्मभर चादरीच्या घड्या. हे इथं लिहिते कारण दुसरं कुठं लिहिणार.

ता. ९, रविवार

वन्सं गेल्या. सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

लग्न होऊन मी आले तेव्हाची गोष्ट. यांच्या मालकांकडे वन्संबरोबर गेले होते. मालकीणबाईंनी चहा विचारला, मी लगेच "हो" म्हटलं. टेबलाखालून वन्संनी मांडीला असा चिमटा काढला की चहा आला तेव्हा डोळ्यांत पाणी! बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "पहिल्यांदा विचारलं की 'नको'. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच'. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं 'बरं'. पहिल्यांदा 'हो' म्हणतो तो हावरट, आणि तिसऱ्यांदा 'नाही' म्हणतो तो त्या घराचा अपमान करतो. लक्षात ठेव." ठेवलं. मॅट्रिकला जे शिकले ते विसरले, हे नाही विसरले. चिमणीलाही हेच शिकवलं.

आज सकाळी नाश्त्याला मी म्हटलं, "वन्सं, आता तिकडं कशाला, इथंच राहा ना." त्या म्हणाल्या, "नको ग." झालं एकदा.

ट्रंक बाहेर काढताना म्हटलं, "खरंच राहा. मागची खोली आहेच." त्या म्हणाल्या, "कशाला उगाच. तुमचं तुम्हालाच पुरेना." झालं दोनदा.

मग रिक्षा आली. हे ट्रंक चढवत होते. वन्सं दारात चपला घालत होत्या. चपला घालायला इतका वेळ लागतो का कुणाला? एक घातली, भिंतीला हात टेकला, माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी. तिसरं वाक्य माझ्या जिभेवर होतं. अगदी इथं. आणि मी म्हटलं, "छत्री घेतलीत ना?"

छत्री!

त्यांनी छत्री दाखवली. रिक्षा गेली.

ता. १०, सोमवार

रीत पाळली असं कुणी म्हणू शकणार नाही. मोडली असंही कुणी म्हणू शकणार नाही. दोनदा विचारलं. पुरावा आहे.

ता. ११, मंगळवार

चिमणी वेणी घालून घेता घेता म्हणाली, "आई, तू आत्याला दोनदाच विचारलंस."

मी म्हटलं, मान सरळ ठेव.

"मी मोजत होते. मला वाटलं तू आता विचारशील, आता विचारशील. मग छत्रीचं काय विचारलंस?"

वेणी ओढली गेली जरा जोरात. "आई ग!" म्हणाली, पण गप्प बसली नाही. "आत्याला राहायचं होतं ना?"

चौदा वर्षांची पोर. मी शिकवलेलं माझ्यावरच उलटवते.

यांना म्हटलं, मनाला लागून राहिलंय. हे म्हणाले, "विचारलंस ना? नको म्हणाली ना? मग झालं." तुम्हाला माहीत आहे तसं नसतं, मी म्हटलं. "मला कसं माहीत असणार, हे तुम्हा बायकांचे..." आणि पुन्हा टॉवेल.

ता. १३, गुरुवार

वन्संचं कार्ड. सुखरूप पोचल्या. पाहुणचार उत्तम झाला. चिमणी गुणी आहे. "महिनाअखेर इथून निघते. माझी सोय होते आहे, काळजी नसावी."

काळजी नसावी! मी काय ओळखत नाही वन्संना? यजमानांना दवाखान्यात हलवलं तेव्हाही कार्डात "काळजी नसावी" होतं. आठ दिवसांनी गेले ते. त्यांना "घर नाही" असं लिहायचं असतं तेव्हा त्या "सोय होते आहे" लिहितात. मानी बाई आहे. मागणार नाही, सांगणार नाही. कुठल्या धर्मशाळेत, कुणाच्या ओसरीवर असेल ती सोय!

कार्ड चार वेळा वाचलं. "पाहुणचार उत्तम" हे तर टाचणी टोचल्यासारखं वाटतं.

ता. १४, शुक्रवार

देवापुढं बसले. म्हटलं, देवा, दोन वेळा विचारलं त्याचं पुण्य लागतं का थोडं तरी? उत्तर कसलं येतंय. त्याला एकदाच सांगितलं तरी पुरतं, आम्हालाच तीनदा लागतं.

दुधात पाणी घातलं नाही आज. चिमणी म्हणाली, दुधाला वास येतोय! नासलंय समजून पेला ठेवून दिला. शेवटी मीच प्याले.

ता. १६, रविवार

दुपारी मागच्या खोलीतून खडखड. पाहते तर हे शिडीवर. मोडकी घड्याळं एकेक करून माळ्यावर चढवत होते. टेबल बाहेर काढलेलं. जमीन पुसलेली – वेडीवाकडी, मध्ये कोरडे पट्टे, पण पुसलेली. खिडकीला कडी नवीन.

मी म्हटलं, हे काय?

"धूळ फार झाली होती."

बावीस वर्षं धूळ होती, आजच दिसली. खाली उतरले, शिडी भिंतीला लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहानपणी मला शाळेत तीच पोचवायची. रस्ता ओलांडताना मनगट धरायची, हात नाही. हात सुटतो म्हणायची." एवढं लांब, पूर्ण वाक्य! मी स्वयंपाकघरात निघून आले. त्यांच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं.

आणि मी दुधाचा हिशोब करत होते.

ता. १७, सोमवार

आज लिहिलं. कार्ड नाही, पाकीट – कार्डावरचं कुणीही वाचतं. तीन वेळा कच्चं केलं. पहिल्यात माफी फार होती, दुसऱ्यात अजिबात नव्हती. शेवटी असं:

"वन्सं, दारात मी छत्रीचं विचारलं, जे विचारायचं होतं ते राहिलं. ते आता विचारते. तिसऱ्यांदा विचारते. आमच्याकडे कायमच्या राहायला या. खोली रिकामी केली आहे. तुम्हीच शिकवलं आहे, तिसऱ्यांदा नाही म्हणायचं नसतं. म्हणून नाही म्हणू नका."

शेवटचं वाक्य घालावं की नाही, विचार केला. घातलं. त्यांचा मान राहील. स्वतःहून आल्यासारखं होणार नाही, रीतीनं बांधल्या म्हणून आल्या असं होईल. हे मला सुचलं याचं मलाच कौतुक वाटलं.

स्वतः जाऊन पेटीत टाकलं. आत हात घालून बघितलं, अडकलं तर नाही.

येताना पाय हलके. चिमणीला सांगितलं. ती नाचलीच! हे म्हणाले, "हं." मग थोड्या वेळानं, "खाट लागेल एक."

ता. २०, गुरुवार

सुताराकडून जुनी खाट. घासाघीस केली नाही. सुतारच घाबरला, "ताई, बरं नाही का?" म्हणाला.

ता. २२, शनिवार

पोस्टमन आला नाही. चादर घातली खाटेवर. वन्संच्या पद्धतीची घडी. तीन वेळा उकलली, चौथ्यांदा जमली.

ता. २४, सोमवार

पत्र आलं. अजून कुणाला दाखवलं नाही. मायना सोडून सगळं उतरवते.

"तुझं पाकीट पोचलं. मुलींच्या वसतिगृहात मला शिवण शिकवायचं काम मिळालं होतं, एक तारखेपासून. स्वतंत्र खोली, खिडकीत ऊन, आणि दाराची किल्ली माझ्याच कनवटीला. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. सोय होते आहे लिहिलं होतं ती ही. तुझ्या दारात दोनदा झाल्यावर तू आता तिसऱ्यांदा विचारतेस की काय, या धास्तीनं चप्पल पायात जाईना. छत्रीचं विचारलंस, सुटले म्हटलं. पण आता विचारलंस. नाही कसं म्हणू? वसतिगृहाच्या बाईंना आज नकार देऊन आले. त्या म्हणाल्या, जागा अठ्ठावीस तारखेपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही, तरी मी म्हटलं द्या. ट्रंक बांधून ठेवली आहे. कोणत्या गाडीनं निघू ते उलट टपाली कळव."